युनिटमधला गुन्हा आणि सीओचे अधिकार : पहिल्या तासापासून शेवटच्या कागदापर्यंत

पुण्यात लष्कराशी रोजचा संबंध असलेली माणसं कमी नाहीत. खडकी, देहूरोड आणि पुणे अशी तीन कॅन्टोन्मेंट, दापोडीला सीएमई हे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, दक्षिण कमांडचं मुख्यालय, औंध नि दिघीकडच्या लाइन्स. तरी एखाद्या जवानावर आरोप आला की घरचे पहिला प्रश्न विचारतात तो असा : "सीओसाहेबांच्या हातात सगळंच असतं ना?" सीओ म्हणजे युनिटचा प्रमुख, कमांडिंग ऑफिसर. त्याच्या हातात सगळं नसतं, पण बरंच असतं. ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे कागदावर अगदी नेमकं लिहिलेलं आहे. आर्मी ॲक्ट १९५० आणि आर्मी रूल्स १९५४ ही दोन पुस्तकं टेबलावर ठेवली तर नवा ॲडज्युटंट (सीओचा प्रशासकीय सहायक), हेड क्लार्क आणि आरोपी जवान या तिघांनाही एकच रस्ता दिसतो. पुढे नुसतं 'कलम' म्हटलं की ते ॲक्टचं, आणि 'नियम' म्हटलं की तो रूल्सचा. खटले मोडतात ते बहुतेक वेळा पुराव्याअभावी मोडत नाहीत. या रस्त्यावरची एखादी पायरी गाळली, म्हणून मोडतात.

समजून घ्यायला एक कल्पित प्रसंग धरू. खडकीतल्या एका युनिटच्या स्टोअरमध्ये मोजणी होते आणि २०० लिटर डिझेल कमी भरतं. किल्ली एका नाईककडे होती. एक शिपाई रात्री टँकरजवळ दिसला होता. बाहेरच्या ठेकेदाराचा ड्रायव्हरही त्यात असावा, अशी कुजबुज आहे.

आधी ठरवा, सीओ कोण आणि कोणावर

कमांडिंग ऑफिसर म्हणजे अमुक एक रँक नव्हे. कलम ३ मधली व्याख्या सांगते की त्या तुकडीबाबत ते काम करण्याची जबाबदारी नियमांनी, आणि नियम नसेल तिथे सैन्याच्या प्रथेने, ज्या अधिकाऱ्यावर येते तो सीओ. मोठ्या युनिटला कर्नल असतो, छोट्या स्वतंत्र युनिटला मेजरही असू शकतो. सीओ रजेवर असेल तर पदभार रीतसर सोपवलेला अधिकारी. इथे पहिली चूक होते. पदभार सोपवल्याची नोंद पार्ट वन ऑर्डरमध्ये नसते, आणि त्याच दिवशी झालेल्या पेशीवर दोन वर्षांनी वकील बोट ठेवतो. आरोपीला दुसऱ्या युनिटला अटॅच केलं असेल तर अटॅचमेंटचा आदेश आणि त्याची तारीख फाइलमध्ये पहिल्या पानावर हवी.

दुसरा प्रश्न : माणूस आर्मी ॲक्टखाली येतो का? आपल्या प्रसंगातला नाईक आणि शिपाई येतात, अग्निवीर असला तरी येतो. ठेकेदाराचा ड्रायव्हर येत नाही. एमईएसचा, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याचा, नागरी कर्मचारीही शांततेच्या काळात पुण्यात येत नाही. त्यांच्यासाठी वाट पोलिसांची, किंवा कर्मचारी असेल तर नागरी सेवा नियमांखालच्या विभागीय चौकशीची. त्यांना क्वार्टर गार्डमध्ये (युनिटच्या पहाऱ्याच्या चौकीत) बसवून जबाब घेणं हा अधिकार नाही, उलट गुन्हा ठरू शकतो. वायुदलाचा आणि नौदलाचा कायदा वेगळा, १९५० चा आणि १९५७ चा. एनडीए किंवा एएफएमसीसारख्या संयुक्त संस्थांमध्ये पूर्वी यावरून घोळ व्हायचा. १० मे २०२४ पासून लागू झालेल्या आंतर-सेवा संघटनांच्या कायद्याने अधिसूचित संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचे अधिकार मिळाले आहेत.

पहिला तास

सीओ तपास अधिकारी नाही. पोलीस ठाण्याचा निरीक्षक जसा स्वतः घटनास्थळी जाऊन जबाब घेतो, तसं सीओने करू नये, कारण पुढे त्यालाच आरोप ऐकायचा आहे. कदाचित समरी कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे सीओ एकटाच चालवतो त्या लष्करी न्यायालयात, न्यायाधीश म्हणून बसायचंही आहे. जो स्वतः साक्षीदार झाला तो न्यायाला बसू शकत नाही. म्हणून पहिल्या तासात सीओने आदेश द्यायचे आणि हात बाजूला ठेवायचे.

आदेश कोणते? स्टोअर सील करून दोन अधिकाऱ्यांसमोर नव्याने मोजणी, आणि मोजणीचा आकडा लिहिताना डिपस्टिकचं माप व तापमान दोन्ही. डिझेल तापमानाने प्रसरण पावतं, आणि बचावाचा पहिला प्रश्न हाच येतो. लेजर, इश्यू व्हाउचर, वाहनाच्या कारडायरी, गेटवरचं रजिस्टर ताब्यात घ्यायचं, तेही पावती देऊन आणि प्रत्येक पानावर सही करून. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग बहुतेक ठिकाणी काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते त्याच दिवशी काढायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे आणि आर्मी ॲक्टच्या कलम १३३ मुळे पुराव्याचे सर्वसाधारण नियम कोर्ट मार्शललाही लागतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा), लागेल. नुसता पेन ड्राइव्ह पाकिटात घालून ठेवला तर तो पुढे नुसता पेन ड्राइव्हच राहतो.

आणि एक गोष्ट करायची नाही : रात्री उठवून "लिहून दे" म्हणायचं नाही. सुभेदार मेजरांच्या खोलीत घेतलेला कबुलीजबाब पुढे कोर्टात उभा राहत नाही, आणि जो पुरावा त्याच्याशिवायही मिळाला असता त्यावरही शंकेची सावली पडते.

कोठडी आणि घड्याळ

कलम १०१ खाली आरोपीला लष्करी कोठडीत घेता येतं. पण घेतलंच पाहिजे असं नाही. ज्याच्यापासून पुरावा बिघडण्याचा किंवा पळून जाण्याचा धोका नाही, त्याला ओपन अरेस्ट, म्हणजे कोठडीत न ठेवता घातलेलं बंधन, पुरतो.

कलम १०२ मधले ४८ तास हा सगळ्यात जास्त चुकणारा हिशोब. कोठडीची खबर सीओला मिळाल्यापासून ४८ तासांत आरोपाची चौकशी सुरू व्हायला हवी. सेवेच्या गरजेमुळे ते शक्य नसेल तर कारणासकट वरिष्ठ अधिकाऱ्याला, म्हणजे जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल भरवण्यासाठी ज्याच्याकडे अर्ज जाईल त्याला, कळवायचं. रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या मोजायच्या नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी ७ ला खबर मिळाली तर शनिवार धरायचा, रविवार सोडायचा, आणि मुदत सोमवारी संध्याकाळी ७ ला संपते. सोमवारी सुट्टी असेल तर मंगळवारी ७ ला. हेड क्लार्कने हे गणित अरेस्ट रिपोर्टच्याच खाली लिहून ठेवावं.

त्यानंतर कलम १०३. कोर्ट मार्शल भरलं नाही आणि माणूस प्रत्यक्ष युद्धसेवेवर नसताना ८ दिवसांहून जास्त कोठडीत आहे, तर कारणं देणारा विशेष अहवाल, आणि पुढे दर ८ दिवसांनी आणखी एक. यालाच युनिटमध्ये डिले रिपोर्ट म्हणतात. मागचाच कागद तारीख बदलून पाठवायची सवय असते. असे चार अहवाल शेजारी ठेवले की वकिलाला काही बोलावंच लागत नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी : उपयोगी, पण पुरावा नव्हे

२०० लिटर कुठे गेलं, कोणाची जबाबदारी, यंत्रणेत भोक कुठे, हे शोधायला सीओ नियम १७७ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी भरवू शकतो. ती सक्तीची नाही. तथ्यं आधीच स्वच्छ असतील तर थेट आरोपाच्या सुनावणीकडे जाता येतं, आणि पुष्कळदा तेच शहाणपणाचं असतं. इन्क्वायरी हा कागद लांबवण्याचाही एक सन्मान्य मार्ग असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

इन्क्वायरीत एखाद्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी प्रतिष्ठेवर बोट येईल असं दिसताक्षणी नियम १८० लागू होतो. त्या माणसाला पूर्ण वेळ हजर राहण्याची, निवेदन करण्याची, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याची संधी द्यायची. घोटाळा नेमका इथे होतो. नाईक तिसऱ्या दिवशी संशयित ठरतो आणि पहिल्या दोन दिवसांच्या साक्षी त्याच्या गैरहजेरीत झालेल्या असतात. उपाय एकच. ते साक्षीदार पुन्हा बोलवा, त्याच्यासमोर साक्ष पुन्हा घ्या, उलट प्रश्न विचारू द्या. "वाचून दाखवली" एवढं पुरत नाही.

आणि नियम १८२ सांगतो की इन्क्वायरीतली कार्यवाही, कबुली किंवा उत्तर आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. अपवाद फक्त तिथेच खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याचा. इन्क्वायरीचं बाइंडर कितीही जाड असो, खटला उभा करायला साक्ष नव्याने घ्यावीच लागते.

पेशी : नियम २२

युनिटमध्ये "मार्च अप" म्हणतात तो हा क्षण. टोपी उतरवून जवान सीओसमोर उभा राहतो आणि कित्येकदा दोन मिनिटांत बाहेर येतो. कायद्याला मात्र दोन मिनिटं अभिप्रेत नाहीत. आरोप आरोपीच्या समक्ष ऐकायचा. त्याच्याविरुद्धचे साक्षीदार तिथे बोलायला हवेत, त्याला त्यांना प्रश्न विचारण्याची पूर्ण मुभा, स्वतःचे साक्षीदार आणण्याची आणि आपलं म्हणणं मांडण्याची मुभा. आरोप कोर्ट ऑफ इन्क्वायरीतून आला असेल आणि तिथे नियम १८० पाळला गेला असेल, तरच सीओ ही पायरी टाळू शकतो. टाळायची असेल तर तसं लिहून टाळा.

त्याआधी आरोप नेमका लिहिलेला हवा : कधी, कुठे, काय, किती, कोणतं कलम. आपल्या प्रसंगात कलम ५२. त्यातही चोरी वेगळी, अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणं वेगळं, आणि सोपवलेल्या वस्तूबाबत विश्वासघात वेगळा. किल्ली ज्याच्याकडे होती त्या नाईकवर बहुधा विश्वासघाताचा उपखंड बसेल, रात्री टँकरजवळ दिसलेल्या शिपायावर चोरीचा. काहीच नीट बसत नाही म्हणून कलम ६३, म्हणजे शिस्तीला बाधक वर्तन, लावण्याचा मोह आवरा. त्याचा वापर इतका सैल झाला आहे की सशस्त्र दल न्यायाधिकरण आधी तेच तपासतं.

सुनावणीनंतर सीओपुढचे मार्ग ठरलेले आहेत. गुन्हा दिसतच नसेल तर आरोप फेटाळणं हे सीओचं कर्तव्य, त्यात मर्जीचा प्रश्न नाही. पुरावा आहे पण पुढे नेण्यात अर्थ नाही असं वाटलं तरी तो फेटाळू शकतो, मात्र कलम १२०(२) खाली वरिष्ठांना विचारल्याशिवाय ज्याचा खटला चालवता येत नाही तो आरोप परस्पर फेटाळता येत नाही. पुढे न्यायचं ठरलं तर कलम ८० खाली स्वतः निकाल, वरिष्ठांकडे पाठवणं, साक्षी लिहून घेण्यासाठी तहकुबी, किंवा वॉरंट ऑफिसरच्या खालच्या माणसासाठी समरी कोर्ट मार्शल.

समरी ऑफ एव्हिडन्स

गंभीर प्रकरणात तहकुबीचाच मार्ग. तेव्हा लिहून घेतलेल्या साक्षींनाच समरी ऑफ एव्हिडन्स म्हणतात. नियम २३ प्रमाणे सीओ स्वतः किंवा त्याने नेमलेला अधिकारी आरोपीसमोर, त्याला ऐकू जाईल असं, प्रत्येक साक्ष लिहून घेतो. उलट प्रश्न आणि त्यांची उत्तरं त्याच कागदावर. साक्षीदाराला वाचून दाखवून सही. बाहेरचा साक्षीदार हवा असेल, उदाहरणार्थ पंपावरचा माणूस, तर कलम १३५ खाली सीओचं समन्स तो राहतो तिथल्या मॅजिस्ट्रेटमार्फत बजावलं जातं. एका जवानाला मोटरसायकलवर पाठवून "साहेबांनी बोलावलंय" म्हणणं हे समन्स नव्हे.

शेवटी आरोपीला सावधगिरीची सूचना : निवेदन करायचं आहे का, करायची सक्ती नाही, पण जे बोलाल ते लिहून घेतलं जाईल आणि पुरावा म्हणून येऊ शकेल. ही सूचना त्याला समजणाऱ्या भाषेत द्या आणि कोणत्या भाषेत दिली ते लिहा. माणगावचा किंवा अंबाजोगाईचा पोरगा इंग्रजी छापील वाक्याखाली सही करतो, आणि पुढे त्याला काय कळलं होतं हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. जवानाने इथे एक करावं : बोलायचं नसेल तर "मला आत्ता काही सांगायचं नाही" एवढंच लिहून द्यावं. गप्प राहिल्याचा दोष धरता येत नाही.

मग नियम २४. साक्षी वाचून सीओ आरोपीला कोर्ट मार्शलसाठी ठेवतो, वरिष्ठांकडे पाठवतो किंवा पुन्हा ऐकून आरोप फेटाळतो अथवा स्वतः निकाल देतो.

कलम ८० ची किरकोळ वाटणारी शिक्षा

अधिकारी, जेसीओ (सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड अधिकारी) आणि वॉरंट ऑफिसर सोडून इतरांना सीओ जास्तीत जास्त २८ दिवस लष्करी कोठडीत कारावास, २८ दिवस डिटेन्शन, २८ दिवस लाइन्समध्ये बंदी, जादा ड्यूटी, महिन्यात १४ दिवसांच्या पगाराइतका दंड वगैरे देऊ शकतो. यातल्या पहिल्या तीन शिक्षा एकत्र दिल्या तर बेरीज ४२ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि एनसीओला (नाईक, हवालदार यांना) त्या तिन्ही देताच येत नाहीत. आपल्या नाईकला २८ दिवस आत घातलं तर तो आदेश पहिल्याच वाचनात पडतो. गुन्ह्याच्या वेळी नाईक होता आणि नंतर शिपाई झाला, तरी पडतो.

दोन परिणाम लक्षात ठेवायचे. कलम १२१ मुळे कलम ८० खाली निकाल लागला की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा कोर्ट मार्शल होत नाही. घाईने १४ दिवसांचा दंड देऊन मोकळं झालेल्या सीओला नंतर २,००० लिटरचा माग लागला, तरी त्या आरोपापुरतं दार बंद झालेलं असतं. दुसरा परिणाम जवानाच्या बाजूचा. मोठ्या शिक्षांची नोंद लाल शाईने होते आणि चार लाल नोंदी झाल्या की सेवेतून काढण्याची हालचाल सुरू होते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चार नोंदी भरल्या म्हणून यांत्रिकपणे काढता येत नाही, प्राथमिक चौकशी आणि नोंदींचं स्वरूप पाहणं भाग आहे. तरी पहिली लाल नोंद निमूटपणे घेऊ नये.

समरी कोर्ट मार्शल

जगात इतका एकवटलेला अधिकार क्वचितच कुठे असेल. कलम ११६ प्रमाणे सीओ एकटा म्हणजेच कोर्ट. दोन अधिकारी किंवा जेसीओ हजर असतात, पण त्यांना शपथ नसते आणि मत नसतं. लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कारावास, खालचा असेल तर तीन महिने, शिवाय बडतर्फी. पुष्टीची गरज नाही, शिक्षा लगेच अमलात. फक्त सीओची सेवा पाच वर्षांहून कमी असेल तर, युद्धसेवा सोडून, किमान ब्रिगेड कमांडरची मंजुरी हवी.

म्हणूनच याभोवतीची कुंपणं काटेकोर पाळायची. कलम ३४, ३७ आणि ६९ खालचे गुन्हे (शत्रूशी संबंधित गंभीर गुन्हे, बंड आणि नागरी गुन्हे), तातडीचं गंभीर कारण नसेल तर, वरिष्ठांना विचारल्याशिवाय चालवता येत नाहीत. चार्जशीट आणि समरी ऑफ एव्हिडन्सच्या प्रती आरोपीला दिल्यापासून खटला सुरू होईपर्यंत ९६ तास गेले पाहिजेत, युद्धसेवेवर २४. सोमवारी सकाळी १० ला दिली तर शुक्रवारी १० च्या आधी नाही. नियम १२९ प्रमाणे त्याला सोबत मित्र घेता येतो, वकीलसुद्धा. गुन्हा कबूल केला तर त्याचा अर्थ आणि परिणाम समजावून सांगितल्याची नोंद आणि त्याखाली आरोपीची सही. कलम १३० चा, आरोपीला हरकत विचारण्याचा, मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने इथेही धरला आहे. १९८७ च्या रणजित ठाकूर खटल्यात ज्या सीओविरुद्ध जवानाने तक्रार केली होती तोच कोर्टावर बसला आणि हरकतही विचारली गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने सगळी कार्यवाही रद्द केली. २०१६ मध्ये न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, तातडी का होती हे दाखवता आलं पाहिजे. डिझेलची चोरी तीन महिन्यांपूर्वीची असेल आणि आरोपी पळत नसेल, तर तातडी कुठून आणणार? अशा वेळी डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलसाठी प्रकरण वर पाठवावं.

एक मुदत सगळ्यांवर लागू : कलम १२२, तीन वर्षं. गुन्ह्याच्या तारखेपासून, किंवा तो माहीत नसेल तर बाधित व्यक्तीला अथवा सक्षम अधिकाऱ्याला कळल्यापासून. पळून जाण्याच्या गुन्ह्याला ही मुदत नाही.

पोलीस मध्ये आले तर

समजा शिपायाने सुट्टीत खडकी बाजारात मारामारी केली आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. कलम ६९ मुळे नागरी गुन्हाही कोर्ट मार्शलमध्ये चालू शकतो. कुठे चालवायचा हे कलम १२५ प्रमाणे आर्मी, कोअर, डिव्हिजन किंवा स्वतंत्र ब्रिगेडचा कमांडर किंवा नेमून दिलेला अधिकारी ठरवतो. युनिटचा सीओ ठरवत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. सीओचं काम असं : गुन्ह्याची माहिती, आरोपीची सेवा, प्राथमिक मत यांचा संक्षिप्त अहवाल ताबडतोब वर पाठवणं.

फौजदारी न्यायालयं आणि कोर्ट मार्शल यांच्या अधिकारक्षेत्राबद्दलच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे शिवाजीनगरच्या मॅजिस्ट्रेटने सीओला लेखी सूचना दिल्यापासून १५ दिवस खटल्यात आरोप ठेवणं किंवा निकाल देणं थांबतं. सूचना मेल रूममध्ये पाच दिवस पडून राहिली तर वर उरतात दहा. सूचना मिळाल्याची तारीख-वेळ शिक्क्याने नोंदवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२१ खाली मॅजिस्ट्रेट योग्य प्रकरणात आरोपीला सीओच्या ताब्यात देतो, आणि आर्मी ॲक्टच्या कलम १०४ खाली सीओच्या सहीच्या लेखी अर्जावर पोलिसांनी लष्कराला मदत करायची आहे. दोन्ही बाजूंनी वाद झाला तर कलम १२६ खाली प्रकरण केंद्र सरकारकडे, त्यांचा आदेश अंतिम.

पण लष्करी कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार असेल तर कलम ७० मुळे पुण्यात कोर्ट मार्शल होतच नाही. सीओने आरोपी आणि पुरावा पोलिसांना द्यायचा. "आपलं आपण बघू" हे वाक्य इथे सीओलाच अडचणीत आणतं.

निकालानंतर

समरी कोर्ट मार्शलची कार्यवाही कलम १६२ प्रमाणे ब्रिगेड किंवा डिव्हिजन कमांडरकडे जाते. तो प्रकरणाच्या गुणवत्तेवर ती रद्द किंवा कमी करू शकतो, नुसत्या तांत्रिक मुद्द्यावर नाही. जवान कलम १६४ खाली अर्ज करू शकतो. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. पुण्यातल्यांसाठी मुंबईचं खंडपीठ. समरी कोर्ट मार्शल तिथे नेता येतं ते बडतर्फी किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कारावास असेल तर.

अर्ज करण्याआधी मागून घ्यायचे कागद : अरेस्ट रिपोर्ट, सगळे डिले रिपोर्ट, चारित्र्यावर ठपका आला असेल तर नियम १८४ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरीची प्रत, पेशीची नोंद, समरी ऑफ एव्हिडन्स, चार्जशीट दिल्याची तारीख-वेळेची पोच आणि समरी कोर्ट मार्शलची पूर्ण कार्यवाही. मागणी लेखी करावी, एक प्रत स्वतःकडे ठेवून त्यावर पोच घ्यावी, आणि घरच्यांनी ती रजिस्टर पोस्टानेही पाठवावी.